रायतूरच्या टेकडीवरील पुराण

मार्गशीर्ष लागला की दत्तजयंतीच्या आधी अनेक घरांत श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. चौरंगावर पोथी, शेजारी तेवणारे निरांजन आणि ओवीची ती संथ, ओळखीची चाल! त्याच सुमारास ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. येशूच्या जन्माची कथाही याच ओवीत, मराठी भाषेत, चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील एका ख्रिस्ती विद्यालयात गायिली गेली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

गोव्यातील सासष्टी प्रांतात जुवारी नदीच्या काठी राशोल आहे. जुन्या मराठीतले हे रायतूर. तेथील टेकडीवर जेझुइट पाद्र्यांनी १६०६ मध्ये विद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी केली. आतच चर्च, आतच विद्यार्थ्यांचे वसतिस्थान आणि पुढे छापखानाही. भावी धर्मगुरूंचे शिक्षण त्या वास्तूत आजही चालते.

सासष्टी हे नाव ऐकताच अनेक घराण्यांना आपले कुलदैवत आठवेल. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते सोळाव्या शतकात याच प्रांतातून नदीपार अंत्रुजात न्यावी लागली. मागे राहिलेली देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे त्या गावच्या प्रमुखांना बोलणीस म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. ही जखम झाकून रायतूरची कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहत होता. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच भूमीत राहिला. मराठी त्याने नुसती शिकली नाही, ती आत्मसात केली. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

हा प्रश्न वाचताना मन थबकते. देव बदलला, नाव बदलले, पण पुराण ऐकण्याची तहान तशीच राहिली! स्टीफन्सने ती ओळखली. सुमारे अकरा हजार ओव्या, ‘पैले’ आणि ‘दुसरे’ असे दोन भाग आणि अध्यायांस ‘अवस्वर’ हे नाव. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा आपलाच शब्द योजिला. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. तरीही ती मराठी उसनी वाटत नाही.

ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला तो रोमन अक्षरांत. स्थानिक लिपीचे खिळे पाडण्याची अनुमती स्टीफन्सने १६०८ मध्येच वरिष्ठांकडे मागितली होती. ते कार्य मात्र घडले नाही.

आणखी एक नवल आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची कोकणी हस्तलिखिते आहेत, तीही रोमन लिपीत. जेझुइटांनी भाषेच्या अभ्यासासाठी ती उतरवून घेतली होती. जे ऐकण्यास लोकांना बंदी, तेच पाद्री अभ्यासासाठी जपून ठेवीत होते!

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला, १७५९ मध्ये जेझुइटांचीही गोव्यातून हकालपट्टी झाली. ग्रंथ तरला तो गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. हाताने उतरलेल्या प्रती त्यांनी आपल्या पोथ्यांप्रमाणेच सांभाळल्या, आणि हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. गुरुचरित्र वाचणाऱ्याने ती हाती घेतली, तर त्याला चाल बदलावी लागत नाही.