कामातून विद्या

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी ग्रंथ पाठ करावेत व रुग्ण मागाहून पाहावा, हा क्रम कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली बदलला. लहान गटापुढे प्रथम रुग्णाची समस्या ठेवावयाची, आपणांस काय ठाऊक नाही हे विद्यार्थ्यांनीच ठरवावयाचे, अभ्यास करून पुन्हा चर्चेस बसावयाचे. शिक्षकाने केवळ दिशा दाखवावयाची, अशी ही पद्धती. तिने परीक्षेतील गुण फारसे वाढतात असे नाही. स्वतः शिकण्याची सवय मात्र लागते.

१९९१ साली जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या शिक्षणाचे विवेचन केले. मेक्सिकोतील युकातान येथील सुइणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांसमवेत वावरत विद्या आत्मसात करतात. उलट, अमेरिकेतील मांसविक्रीच्या दुकानांत पुडकी बांधण्यास बसविलेल्या उमेदवारांस कापणीचे कौशल्य दृष्टीसही पडत नव्हते, असे त्यांनी दाखविले.

चरकाचार्यांची तद्विद्यसंभाषा आणि सुश्रुताचार्यांनी भोपळ्यावर करावयास सांगितलेला छेदनाचा अभ्यास आपणांस परिचित आहेत. परंतु आपल्याकडील आंतरवासी वैद्य पुड्या बांधण्यात व नोंदी उतरविण्यातच गुंतला, तर त्याची गतीही त्या उमेदवारांसारखीच होईल. म्हणून चिकित्सकांनी रोज एका रुग्णाचे निदान प्रथम त्यासच विचारावे. औषधनिर्मात्यांनी स्नेहपाकसमयी कल्काची वर्ती त्याच्याच हाताने वळवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. सिद्धीची लक्षणे पाठ असणे निराळे, बोटांना कळणे निराळे.