न धुण्याचा तोडगा

सर्किट बोर्डावर सुटे भाग सोल्डरने जोडताना फ्लक्स वापरावा लागतो. पारंपरिक फ्लक्स राळेपासून बनतो आणि तांब्यावरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो, त्यामुळे वितळलेले सोल्डर धातूला नीट धरते. मात्र मागे राहणारे त्याचे पिवळसर, चिकट अवशेष दमट हवेत ओल धरून गंजाला आणि दोन वाहिन्यांमधील विद्युतगळतीला कारण ठरू शकतात, म्हणून बोर्ड धुण्याची पद्धत रूढ झाली.

या धुलाईसाठी सीएफसी-११३ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन (सीएफसी) गटातील द्रव आदर्शच होता. तो पेट घेत नाही, बहुतेक प्लास्टिकना इजा करत नाही आणि सुमारे ४८ अंश सेल्सिअसला उकळतो. टाकीत उकळणाऱ्या या द्रवाच्या बाष्पात थंड बोर्ड सोडला की बाष्प त्यावर द्रवरूप होऊन राळ विरघळवत खाली ठिबकते आणि वर काढलेला बोर्ड क्षणात कोरडा होतो. दोष एवढाच, की हवेत निसटलेला त्याचा रेणू अनेक दशके टिकून स्थितांबरात पोहोचतो आणि तेथे त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. मोलिना व रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सीएफसींबाबत हा इशारा दिला होता. ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९६ पर्यंत या रसायनांचा वापर जवळजवळ थांबवला.

सीएफसी सोडण्यातला खरा अडसर रसायनापेक्षा कागदाचा होता. अमेरिकी लष्कराच्या मानकांत राळेचा फ्लक्स आणि सॉल्व्हंटची धुलाई गृहीत धरलेली असल्याने, लष्कराशी संबंध नसलेले उत्पादकही तीच वाट चालत होते. पर्यायी द्रवाने धुतलेला बोर्ड सीएफसीने धुतलेल्या बोर्डाइतकाच स्वच्छ निघतो का, हे तपासण्याची समान चाचणी ठरली तेव्हा कुठे संत्र्याच्या सालीतील टर्पीन आणि साबणीकरण करणारे पाण्याचे द्रावण यांना दार उघडले. तरीही टर्पीन पेट घेते, तर पाण्याच्या पद्धतीला आयनमुक्त पाणी, वाळवणी आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया लागते.

सर्वांत चतुर उत्तर धुण्याची गरजच काढून टाकणारे ठरले. ‘नो-क्लीन’ फ्लक्समध्ये घन पदार्थ अत्यल्प असतात आणि सोल्डरिंगच्या पूर्ण उष्णतेत त्याचे उरलेले अंश निरुपद्रवी होऊन जागीच राहतात. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने याच मार्गाने सीएफसी-११३ चा वापर संपवला व खर्चही वाचवला. विमाने किंवा वैद्यकीय उपकरणांतील अनेक बोर्ड मात्र आजही धुतले जातात. दुरुस्तीच्या टेबलावर तर उलटाच धोका संभवतो: नो-क्लीनचे अवशेष ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) लावून अर्धवट पुसले, तर राळेत बंदिस्त असलेली आम्ले उघडी पडून पांढरट डाग उरतो, आणि न पुसलेल्या बोर्डापेक्षा असा बोर्ड लवकर गंजू शकतो.