ग्रामपंचायतीची वही वाचू या

गटाच्या बैठकीत आपण हिशोब कसा बघतो? मागची शिल्लक किती, या महिन्यात जमा किती, कर्ज कुणाला दिलं, हातात उरले किती. दहा रुपयांचा मेळ बसला नाही तरी कुणी उठत नाही. मग ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक म्हटलं की आपण का बिचकतो? तेही असंच असतं. १ एप्रिल ते ३१ मार्च असं वर्षाचं.

आमच्या गटानं एकदा ग्रामसभेत अंदाजपत्रक मागितलं. वाचून दाखवलं, पाच-सात मिनिटांत, भराभर. घरी येताना एकीलाही एक आकडा सांगता येईना. पुढच्या वेळी आम्ही म्हटलं, वाचू नका, कागद हातात द्या. दप्तरात त्याला 'नमुना नंबर १' म्हणतात. तेच नाव घेऊन मागायचं, म्हणजे कुठला कागद म्हणून विचारायला जागा राहत नाही.

त्या कागदावर आधी जमेची बाजू. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी हे गावाचं स्वतःचं उत्पन्न. वरून येतो तो वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या काळात, त्याचे दोन भाग दिसतील : बंधित आणि अबंधित. बंधित म्हणजे ठरलेल्याच कामाला बांधलेला, पाणी आणि स्वच्छतेला. तो २०२१ पासून ६० टक्के. बाकीचा ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला नाही. त्यामुळे 'पाण्याला पैसाच नाही' असं कुणी म्हटलं की आधी बंधित निधीचा आकडा विचारायचा.

आता खर्चाची बाजू. इथं सावकाश बघा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा उत्पन्न ४ लाख, तर ४० हजार. आम्ही ती ओळ शोधली. रक्कम छान लिहिलेली होती. आम्ही खूश. मग गटातल्या एका आजीनं शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं, "आन् हे काय गं?" तिथं मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च होता. शून्य. आजींना अक्षर येत नाही, पण बचतीच्या पुस्तकामुळे शून्य ओळखता येतं! अंगणवाडीच्या संडासाला त्या वर्षभर दार नव्हतं.

म्हणून अंदाजाचा आकडा एकटा वाचू नका. अंदाज म्हणजे ठरवलेलं, प्रत्यक्ष म्हणजे झालेलं. दोन्ही शेजारी ठेवले की कागद बोलायला लागतो. खर्च पडलेला असेल तर कशावर, हेही विचारा. 'महिला व बालकल्याण' या नावाखाली कार्यालयाच्या खुर्च्या आल्या का, हे बिल बघितल्याशिवाय कळत नाही.

दार पुढे बसलं, पण लगेच नाही. दोन सभा गेल्या. आमच्यातल्या दोघींना घरून बोलणीही खावी लागली, 'तुम्हाला काय करायचंय' म्हणून.

आता मोबाइलचं सांगते. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वित्त आयोगाच्या निधीतून कोणती कामं मंजूर झाली, पैसे किती गेले ते दिसतं. कॉलेजात जाणारी लेक असेल तर तिला बसवा शेजारी. काम 'पूर्ण' दिसलं तर जाऊन बघायचं, गटार खरंच आहे का. घरपट्टीचा हिशोब मात्र दप्तरातच बघावा लागतो.

तोंडी मागून कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.

आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, हे कित्येक गावांत बायकांना माहीतच नसतं; सह्या मात्र घरोघर फिरून घेतल्या जातात. पुढच्या वेळी कुणी वही घेऊन दारात आलं तर म्हणा, सही सभेत करते, येताना नमुना नंबर १ घेऊन या.