शेणातलं नत्र जातं कुठे? नेदरलँड्सचा हिशेब आणि आपला

आजचा विषय शेणाचा आहे. नाक मुरडू नका, यात पैसाही आहे आणि पिण्याचं पाणीही.

फौजेत रसद सांभाळताना आम्ही तीन प्रश्न विचारायचो. माल किती आला? किती पोहोचला? मधे कुठे गळला? हेच तीन प्रश्न गोठ्यातल्या नत्राला, म्हणजे नायट्रोजनला, विचारू. जोडीला देश घेऊ नेदरलँड्स. कारण आपल्याकडच्या काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईच्या नावातलं ‘फ्रिजियन’ तिथल्या फ्रिसलंड प्रांतावरून आलं आहे. आपल्या लष्करी फार्मवर याच जातीचा साहिवालशी संकर करून ‘फ्रिजवाल’ गाय तयार झाली.

आधी मूळ गोष्ट. चाऱ्यातल्या प्रथिनांत नत्र असतं. चांगल्या दुभत्या गाईत त्यातला साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो, बाकीचं शेणामुतातून बाहेर पडतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं आणि तेही बहुतांशी युरियाच्या रूपात. होय, तोच युरिया, जो आपण गोणीतून विकत आणतो. शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर असतं. शेण आणि मूत एकत्र आलं की काही तासांतच त्या युरियाचा अमोनिया व्हायला लागतो. गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तो हाच.

गळतीच्या मुख्य वाटा तीन. अमोनिया हवेत उडतो. नायट्रेट पावसाबरोबर जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्यात उतरतं. आणि थोडा भाग नायट्रस ऑक्साईड होतो. हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट उष्णता वाढवतो.

आता नेदरलँड्स. क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिस्स्याहूनही कमी. त्यात सुमारे पंधरा लाख दुभत्या गाई. एकेक गाय वर्षाला नऊ हजार लिटरच्या आसपास दूध देते. एवढ्या दुधाला घरचं गवत पुरत नाही, म्हणून दक्षिण अमेरिकेतून सोयाबीन येतं. म्हणजे नत्र बाहेरून येतं आणि शेण मात्र तिथेच राहतं.

तिथे गळती रोखण्याचे नियम कडक आहेत. शेणाच्या टाक्या झाकलेल्या. पातळ शेणखत शेतात उघडं फवारायला बंदी, ते जमिनीत सोडावं लागतं. थंडीत टाकायचंच नाही. यामुळे १९९० नंतर अमोनिया निम्म्याहून कमी झाला. तरीही भागलं नाही. युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट नियमानुसार हेक्टरी १७० किलो शेणखताचं नत्र ही मर्यादा आहे. डच शेतकऱ्यांना २५० किलोपर्यंत सवलत होती, ती २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरलं. त्याआधी मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नत्र-परवान्यांची पद्धतच बेकायदा ठरवली. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर चालून गेले. रोग गळतीचा कमी आणि अतिसाठ्याचा जास्त होता.

आपलं चित्र उलटं आहे. २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींवर गाय-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी. पण त्या देशभर विखुरलेल्या, बऱ्याचशा भुसा-कडब्यावर पोसलेल्या. एका दुभत्या जनावराच्या शेणामुतात वर्षाला ढोबळमानाने ४० ते ६० किलो नत्र असतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र साधारण २१ किलो. म्हणजे दावणीला बांधलेलं प्रत्येक जनावर वर्षाला दोन-तीन गोण्यांचा ऐवज देतं.

तो जातो कुठे? मूत कच्च्या जमिनीत मुरतं. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर चुलीत जळताना जवळजवळ सगळं नत्र धुराबरोबर जातं. उकिरडा उन्हात तापतो, पावसात धुपतो. आणि आपण गोणी आणायला दुकानात जातो. गोणी स्वस्त वाटते, कारण तिच्या किमतीचा मोठा भाग सरकार भरतं. ती बनवायला लागणाऱ्या गॅसचाही बराच हिस्सा परदेशातून येतो.

म्हणून डच कायदा जसाच्या तसा उचलून आपलं काम होणार नाही. आपली पहिली लढाई गोठ्यातच आहे. गोठ्याला पक्का उतार आणि मुताला नाली करा, ती खड्ड्यात न्या. खाली पाचट किंवा भुसा टाका, तो मूत शोषतो. खताच्या खड्ड्यावर सावली आणि झाकण ठेवा. शेतात टाकलेलं खत त्याच दिवशी मातीत मिसळा. बायोगॅस असेल तर उत्तम: गॅस चुलीत जळतो, नत्र स्लरीत राहतं. फक्त ती स्लरी उन्हात वाळवू नका, नाहीतर त्यातला अमोनिया उडून जाईल.

एक इशारा मात्र डच अनुभवातून घ्यावाच लागेल. आपल्या शहरांच्या कडेला शेकडो जनावरांचे तबेले आहेत. चारा-पेंड विकतची, स्वतःची जमीन नाही, शेण नाल्यात. तिथे नेदरलँड्सचाच प्रश्न उभा राहतो, आणि तोही झाकलेल्या टाक्यांशिवाय. त्यामुळे तुम्ही इंदूरला असा, बेळगावला किंवा बारामतीला, गावात नवा मोठा दूधप्रकल्प येत असेल तर दूध किती निघेल हे जरूर विचारा. त्याच बैठकीत दुसरा प्रश्नही विचारा: शेण कोणाच्या किती एकरांत जाणार? उत्तर कागदावर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. जय हिंद.