आजीचा देव आणि नातवाचा महास्फोट

मनवेलपाड्यातल्या आमच्या घराच्या खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. सकाळी आंघोळ झाली की आई आधी त्या डोंगराला हात जोडते आणि मग देवघराकडे वळते. वडील होते तोवर दोघे वर्षातून एकदा तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून देवीला जात. आता आईचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून नमस्कार खिडकीतूनच.

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी तिने नातवाला आरतीला हाक मारली. चिरंजीव अकरावीला, सायन्सला. पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "आजी, हे विश्व 1380 कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून झालं. त्यात देवाचं काही काम नाही."

आईने हातातले निरांजन खाली ठेवले. वाद घालणे तिच्या स्वभावात नाही. एवढेच म्हणाली, "मग तुझ्या आजोबांना मी कोणाच्या हवाली केलं रे?"

त्यानंतर आठ दिवस आजी-नातवात बोलणे नाही. जेवणाची ताटे शेजारी, पण 'भाजी वाढू का' एवढेही नाही. दोघेही माझ्याकडे असे बघत, की निकाल मी द्यायचा आहे. माझा जन्म बँकेत जमाखर्च जुळवण्यात गेला. विश्वाचा हिशेब मला कुठून जमणार? पण घरातली शांतता सोसवेना, म्हणून कपाटातून जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' काढले. मग वाचनालयातून आणखी दोन-चार पुस्तके आणली आणि रात्री वाचत बसलो.

पहिलाच शोध लागला तेव्हा मला हसू आवरेना. ज्या सिद्धांताची काठी करून मुलाने आजीच्या देवावर उगारली, तो सिद्धांत मुळात एका फादरचा! बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र. 1923 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि 1927 मध्ये त्यांनी गणिताने दाखवले, की विश्व प्रसरण पावत आहे. आइन्स्टाइनलाही ते तेव्हा पटले नव्हते. जे आज पसरते आहे ते काल अधिक दाटीत असणार, हा हिशेब मागे नेत 1931 मध्ये लमेत्रांनी सगळे विश्व एका 'आदिअणू'तून सुरू झाल्याची कल्पना मांडली. वसईच्या आसमंतात राहणाऱ्या माणसाला फादर नवे नाहीत. मनवेल हे तर इथल्या ख्रिस्ती घरांतले ओळखीचे नाव. पण एखादा फादर विश्वाचे गणित सोडवत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

दुसरी गंमत तर त्याहून मोठी. या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव दिले ते तिच्या विरोधकाने. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना ते वापरले. हॉईल निरीश्वरवादी. विश्वाला एका क्षणी आरंभ झाला, ही कल्पनाच त्यांना खटकत होती. विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही, असे सांगणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत त्यांनी 1948 मध्ये मांडला होता. केंब्रिजला त्यांचे शिष्य झाले ते आपले कोल्हापूरला जन्मलेले नारळीकर. 1993 मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या सिद्धांताचे सुधारलेले रूप पुढे आणले. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. तरी महास्फोटावर शंका विचारणे नारळीकरांनी सोडले नाही. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते शंका घेत होते त्या धर्मासाठी नव्हेत. अंधश्रद्धा आणि फलज्योतिष यांच्याविरुद्ध ते सतत बोलत आले. त्यांना हवा होता पुरावा.

म्हणजे पाहा, आरंभ सांगणारा धर्मगुरू आणि आरंभ नाकारणारे नास्तिक! 'विज्ञान म्हणजे देव नाही आणि देव म्हणजे विज्ञान नाही' ही आमच्या घरातली वाटणी तिथेच कोलमडली.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते 1951 च्या घटनेने. त्या वर्षी पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानाचा आधार घेऊन सृष्टीच्या निर्मितीला जणू दुजोराच मिळाल्याचे सुचवले. कोणाही फादरला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे असे, की आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे. आस्तिकाला तो मानता येतो आणि नास्तिकालाही. उद्या तो चुकीचा ठरला, तर त्यावर टेकवलेल्या देवाचे काय करायचे?

बँकेतल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. दोन खाती वेगळी असली, की एकातली तूट दुसऱ्यातून भरायची नसते. आमच्या इमारतीतले एक काका नेहमी सांगतात, की ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते. त्यांना मी आता विचारतो, की काका, विश्वाचे वय तर 1380 कोटी निघाले. आता पुराण खोटे म्हणायचे का? तसे म्हणायची गरज नाही. पण पुराणातली सृष्टीची कथा शब्दश: खरी, असाही आग्रह धरता येणार नाही. तेवढे सोडावेच लागते. ते सोडल्यावरही आपल्याकडे पुष्कळ उरते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त 1988 च्या 'भारत एक खोज' मालिकेमुळे घराघरांत पोहोचले. सृष्टी कशी झाली हे वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल, अशा शंकेवर ते संपते. इतक्या प्राचीन ऋषीला 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

आपण मराठी माणसांनी ही दोन्ही खाती शेजारी ठेवूनही दाखवली आहेत. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आमच्या जवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते नारळीकर. लागोपाठ दोन संमेलनांत एक धर्मगुरू आणि एक विश्वशास्त्रज्ञ! मराठीला त्यात काही अडचण वाटली नाही.

हे सारे मी मुलाला सांगितले आणि शेवटी म्हणालो, "तू सांगितलेला आकडा बरोबर आहे. पण आजीचा प्रश्न विश्वाच्या वयाचा नव्हताच. चाळीस वर्षांचा सोबती गेल्यावर त्याला कोणाच्या हाती सोपवायचं, हे ती विचारत होती. त्याचं उत्तर तुझ्या पुस्तकात आहे का?"

तो काही बोलला नाही. रविवारी मात्र माळ्यावर चढला आणि वडिलांनी हौसेने घेतलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही खाली काढला. धूळ पुसून बटण दाबल्यावर तो कसाबसा सुरू झाला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आजी, इकडे ये ना," त्याने हाक मारली. "या मुंग्या बघ. यातल्या शंभरातली एखादी विश्वाच्या सुरुवातीच्या काळातली असते. आरंभानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश अजून सगळीकडून येतोय. अमेरिकेत 1964 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना अँटेनात एक खरखर सापडली, ती काही केल्या जाईना. कबुतरांची घाण असेल म्हणून त्यांनी अँटेना घासून पुसली, तरी ती होतीच. तीच ही. पुढे त्यांना नोबेल मिळालं."

आई पदराने चष्मा पुसत पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तुझे आजोबा पावसातसुद्धा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे," ती म्हणाली. "तिथेही कबुतरं. मी खालून ओरडायची, 'आल्या, मुंग्या आल्या!' म्हणजे इतकी वर्षं ते देवाचाच आवाज बंद करत होते की!"

"देवाचा नाही गं आजी, विश्वाचा."

"बरं, विश्वाचा," आई म्हणाली. आठ दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "आता तो बंद कर आणि आरतीला चल. घंटा तरी वाजव."

तो उठला. घंटा त्याने वाजवली, हात मात्र जोडले नाहीत. आईने ते पाहिले, आणि प्रसादाची वाटी पहिल्यांदा त्याच्याच पुढे केली.