स्लीपिंग बॅगेवरील अंक व त्यांचा अर्थ

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीत येथील रात्रीचे किमान तापमान सामान्यतः १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा वेळी घरात एक रजई किंवा जाड गोधडी पुरेशी होते, आणि तिचे वजन किती हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. परंतु अंथरूण-पांघरूण पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्यास हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. या शहराचा डोंगरांशी संबंध आता केवळ देवगिरीपुरता राहिलेला नाही. येथील पोलीस दलातील शेख रफीक यांनी २०१६ साली व मनीषा वाघमारे यांनी २०१८ साली एव्हरेस्टचे शिखर गाठले. कळसूबाई, हरिश्चंद्रगड किंवा हिमालयातील सोप्या वाटा चालण्यास निघणारे विद्यार्थी तर पुष्कळच आहेत. दोन-तीन किलोंची कापसाची रजई त्यांच्या कामाची नाही. ते पिसांनी भरलेली हलकी स्लीपिंग बॅग शोधू लागतात. दुकानात त्यांच्यापुढे येतात ते चिठ्ठीवरील अंक. या अंकांचा अर्थ उमगला नाही तर पैसे व्यर्थ जातात एवढेच नव्हे, तर उंचावरील थंड रात्री जिवावरही बेतू शकते. प्रस्तुत लेखात या अंकांचा अर्थ स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठीत 'उष्णता' आणि 'ऊब' हे दोन शब्द सर्वस्वी समानार्थी नाहीत. विस्तवास उष्णता असते. पांघरुणास ऊब असते. पांघरूण स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाही. शरीराने निर्माण केलेली उष्णता बाहेर निसटू न देणे एवढेच त्याचे कार्य होय. हे कार्यही वस्तुतः कापूस, लोकर किंवा पिसे करीत नसून त्यांच्या तंतूंत अडकून स्थिर राहिलेली हवा करीत असते. मराठवाड्यातील पिंजाऱ्याचा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे. वापरून वापरून रजईतील कापूस दबला की ती थंड पडते. पिंजारी तोच कापूस धनुकलीने पिंजून पुन्हा भरतो आणि रजई उबदार होते. कापसाचे वजन तेवढेच राहिले. वाढली ती त्यातील हवा. म्हणून पांघरुणाची ऊब वजनावर नव्हे, तर फुगवट्यावर अवलंबून असते असे म्हणता येईल. कमीत कमी वजनात अधिकात अधिक हवा कोण धरून ठेवतो, हा हलक्या स्लीपिंग बॅगेचा मूळ प्रश्न आहे.

या परीक्षेत बदके व हंसवर्गीय पक्षी यांची अंगालगतची मऊ पिसे आजवर इतर सर्व पदार्थांपेक्षा सरस ठरली आहेत. येथे मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे, कारण आपल्या भाषेत पक्ष्याच्या अंगावरील सर्वच आच्छादनास 'पीस' हा एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र मधोमध दांडी असलेल्या पिसास 'फेदर' व दांडी नसलेल्या, सर्व बाजूंनी तंतू पसरलेल्या मऊ पिसास 'डाउन' अशी दोन नावे आहेत. हा 'डाउन' शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आलेला असून 'खाली' या अर्थाच्या 'डाउन'शी त्याचा काहीही संबंध नाही. भेद केवळ नावाचा नाही. दांडीचे पीस चपटे असते व हवा थोडी धरते; मऊ पीस गोलाकार फुलते व पुष्कळ हवा धरते. म्हणून चिठ्ठीवर '९०/१०' असे लिहिलेले आढळल्यास त्याचा अर्थ १०० भागांपैकी ९० भाग मऊ पिसे व १० भाग दांडीची पिसे असा घ्यावा. पर्वतारोहणात या पदार्थाचा उपयोग जुना आहे. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडाचा, मऊ पिसे भरलेला कोट वापरला होता.

चिठ्ठीवर ठळकपणे छापलेला अंक बहुधा 'फिल पॉवर'चा असतो. ५५०, ७००, ८५० असे हे अंक असतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे मोकळी फुलू दिली असता किती घनइंच जागा व्यापतात, हे त्यावरून कळते. ७०० अंकाची एक औंस पिसे सुमारे साडेअकरा लिटर जागा व्यापतात. अर्थात हा अंक पिसांच्या जातीचा आहे, बॅगेच्या उबेचा नव्हे. बॅगेत अशी पिसे किती ग्रॅम भरली आहेत हा दुसरा अंक कळल्यावाचून पहिल्यास अर्थ प्राप्त होत नाही. दोहोंचा गुणाकार हेच खरे माप होय.

उदाहरणार्थ, ५५० अंकाची ५१० ग्रॅम, ७०० अंकाची ४०० ग्रॅम आणि ८५० अंकाची ३३० ग्रॅम पिसे घेतली, तर तिन्हींचा फुगवटा जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे १६० लिटर भरतो. बॅगांचा आकार व शिवण सारखी असल्यास तिन्ही सारख्याच उबदार ठरतील. अंतर पडेल ते वजनात व किमतीत. पहिलीऐवजी दुसरी घेतल्यास ११० ग्रॅम वाचतात, दुसरीऐवजी तिसरी घेतल्यास आणखी ७० ग्रॅम. या ७० ग्रॅमांसाठी किती अधिक मोल द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. याउलट, ८५० हा मोठा अंक मिरविणाऱ्या एखाद्या बॅगेत केवळ २०० ग्रॅम पिसे असतील, तर तिचा फुगवटा १०० लिटरांच्याही आत राहील आणि ७०० अंकाच्या ४०० ग्रॅमांपुढे ती थंड पडेल. मोठ्या अंकास अधिक ऊब समजण्याची चूक येथेच होते.

तापमानाच्या अंकांविषयी याहून अधिक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने तापमान छापीत असे. २००२ साली युरोपात यासाठी समान मानक निघाले व २०१६ साली त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. त्यानुसार उष्णता देणारा मानवी पुतळा बॅगेत ठेवून मोजणी केली जाते व तीवरून निरनिराळ्या अर्थांचे अंक काढले जातात. 'कम्फर्ट' या अंकापर्यंत सर्वसाधारण स्त्री मोकळेपणाने, थंडी न वाजता झोपू शकते. 'लिमिट' या अंकाशी सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकतो. 'एक्स्ट्रीम' हा अंक तर झोपेचा नव्हेच. तेथे शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरण्याचा संभव असतो व केवळ काही तास जीव तगून राहण्याची आशा धरता येते. ज्या बॅगेचा पहिला अंक शून्य अंश असतो तिचा तिसरा अंक बहुधा उणे २० च्याही खाली जातो. दुकानदाराने हाच तिसरा अंक सांगितला आणि ग्राहकाने तो पहिल्याच्या अर्थाने घेतला, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. म्हणून 'ही बॅग उणे दहाची आहे' असे कोणी म्हटल्यास 'कोणत्या अर्थाने?' असे विचारणे हे ग्राहकाचे पहिले कर्तव्य होय. नवख्याने, तसेच ज्यांना थंडी लवकर बाधते अशांनी, 'कम्फर्ट' हाच अंक प्रमाण मानावा.

हा अंक किती असावा, हे जेथे रात्र काढावयाची त्या ठिकाणावरून ठरते. दर हजार मीटर उंचीस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते असे स्थूलमानाने समजतात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे या शहराहून जवळजवळ १,१०० मीटर अधिक आहे. येथे ११ अंश तापमान असता तेथे ४ अंशांच्या आसपास असेल, असा ढोबळ अंदाज करता येतो. वाऱ्याची बोचणी निराळी. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच असल्याने तेथे याहून थोडे अधिक तापमान धरावे. अंदाजाहून तीन-चार अंशांची सवलत ठेवली, तर सह्याद्रीतील हिवाळ्यास शून्य अंश 'कम्फर्ट'ची बॅग पुरून उरते. उत्तराखंडातील केदारकंठासारख्या वाटेवर हिवाळ्यात मुक्काम ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर पडतो व पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. तेथे ही बॅग चालणार नाही. त्याचप्रमाणे हिमालयासाठी घेतलेली जड बॅग हरिश्चंद्रगडावर वाहून नेण्यातही अर्थ नाही.

मानकातील मोजणी करताना पुतळ्यास पातळ अंगभर कपडे व मोजे घातलेले असतात आणि त्याच्या खाली चटई असते, हेही विसरता कामा नये. अंगाखाली दबलेल्या पिसांत हवा उरत नाही. त्यामुळे जमिनीची थंडी अडविण्याचे काम चटईसच करावे लागते. चटईवाचून झोपणाऱ्याच्या बाबतीत चिठ्ठीवरील सर्व तापमाने खोटी ठरतात. बॅगेचा आकार पायांकडे निमुळता असावा, डोक्यास टोपडे असावे व चेनच्या आतून पिसांची पट्टी असावी. आरपार शिवणीच्या ओळींवर पिसे मुळीच राहत नाहीत व तेथून ऊब निसटते. म्हणून कडक थंडीसाठी आत कापडी पडदे घालून कप्पे केलेली बॅग इष्ट होय.

मऊ पिसांचा मोठा शत्रू म्हणजे ओल. भिजली की ती चिकटून बसतात आणि फुगवटा नाहीसा होतो. सह्याद्रीतील पावसाळी वाटांसाठी म्हणूनच कृत्रिम धाग्यांची बॅग अधिक जड असली तरी अधिक विश्वासार्ह ठरते. हिवाळ्यातही पहाटेच्या दवाने बॅग सर्द होते. दुपारच्या मुक्कामात ती वाळवावी. घरी आल्यावर ती लहान पिशवीत कोंबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत मोकळी ठेवावी. गोधडीप्रमाणे ती काठीने झोडपू नये. पिसे मोडतात आणि मोडलेले पीस कोणताही पिंजारी पुन्हा फुलवू शकत नाही.

ही पिसे बव्हंशी मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांची असतात, आणि काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून उपटली जात असल्याचेही उघडकीस आले आहे. हे टाळण्यासाठी २०१४ साली 'रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड' नावाचे प्रमाणपत्र निघाले; ज्यांना ही बाब महत्त्वाची वाटते त्यांनी ते पाहून घ्यावे, अथवा कृत्रिम धाग्यांचाच मार्ग पत्करावा. वर्षातून एकदाच डोंगरात जाणाऱ्याने विकत घेण्याऐवजी बॅग भाड्याने घेणे हेच शहाणपणाचे होय. मात्र भाड्याच्या बॅगेचा फुगवटा हाताने चाचपून पाहावा. दाबून सोडल्यावर जी लगेच फुलत नाही, तिच्या चिठ्ठीवर कोणताही अंक असला तरी तिची ऊब गेलेली असते.

सारांश, कोठे व केव्हा झोपावयाचे, त्या रात्रीस कोणता 'कम्फर्ट' अंक हवा, पिसे किती ग्रॅम व कोणत्या जातीची, आणि सर्वांत शेवटी एकूण वजन व किंमत, या क्रमाने विचार केल्यास निवड सहसा चुकत नाही. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.