महिला मंडळ वृत्त : मूठभर धान्य आणि विसावा



शुक्रवार, 6 मार्च 2026 रोजी जागतिक प्रार्थना दिन आहे. दरवर्षी एका देशातील ख्रिस्ती भगिनी या उपासनेचा क्रम तयार करतात. यंदा तो नायजेरियातून आला आहे. विषय मत्तय 11:28-30 मधला, ओझ्याने दमलेल्यांच्या विसाव्याचा.

तो वाचताना मला कन्नड तालुक्यातील भिल्ल वस्ती आठवली. तेथील आमच्या शाखेच्या कित्येक भगिनी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, हे त्यांचे रोजचे काम. मागे राहतात म्हातारी माणसे व शाळेतली मुले. घरी दोन घास मिळाले नाहीत, तर मुलेही फडावर जातात आणि शाळा सुटते.

म्हणून शहरातील मंडळाने मूठभर धान्याचा उपक्रम घेतला आहे. मिझोराममध्ये ही रीत 1910 पासून आहे : स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढायचा. आम्ही ज्वारीही घेतो.

आपला डबा त्या शुक्रवारी उपासनेला आणावा. शनिवारी धान्य वस्तीवर पोहोचवू. आपण विसाव्यासाठी प्रार्थना केली आणि त्यांचे ओझे तसेच राहिले, असे होऊ नये.